गरम अंबील

माझी मावशी दिलेली आहे ते गाव हुमनाबाद तालुक्याच्या कडेला, कलबुर्गी जिल्ह्याच्या हद्दीला टेकून आहे. चैत्रात तिथं देवाचा रथ निघतो आणि जत्रा भरते. लहानपणी मी त्या जत्रेला पाहुणी म्हणून जायची. आरोग्य खात्यात नर्स म्हणून लागल्यावर आणि नेमकं तेच गाव माझ्या उपकेंद्राखाली आल्यावर, मी ड्यूटीवर जायला लागले. त्यानंतर मला ती जत्रा कधी धड बघताच आली नाही. लोक रथाचा कळस बघायचे आणि मी लोकांच्या हातातले पेले बघायची.

जत्रेच्या आधी पंधरा दिवस माझं जेवणावर लक्ष नसायचं. विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकायची, टाक्या घासून घ्यायच्या, टँकरवाल्यांच्या मागे फिरायचं. नळाचं पाणी बाटलीत घेऊन त्यात औषधाचा थेंब टाकायचा. पाणी पिवळं झालं की क्लोरीन आहे, नाही झालं की पुन्हा पावडर. कापून ठेवलेली कलिंगडं झाकायला लावायची, रसवंतीच्या बर्फावरून भांडायचं. पुजारी म्हणायचे, "बाई, तीर्थाला तुमच्या दवाखान्याचा वास यायलाय. लोक थुंकायलेत." मी म्हणायची, "थुंकू द्या. उलटी करण्यापेक्षा बरं."

हे सगळं करून मग वाट बघायची, काही न होण्याची. ते काम सगळ्यात अवघड. एखादं लेकरू उसाचा रस जास्त पिऊन ओकलं तरी मी धावत जायची. त्याच्या आईला मी दहा प्रश्न विचारायची. कुठून आलात, सकाळी काय खाल्लं, पाणी कुठलं प्यालात. ती बिचारी घाबरून जायची आणि लेकरू तेवढ्यात फुगा मागायला लागलेलं असायचं.

ज्या वर्षाचं मी सांगते आहे, त्याच्या आधी कोरोनामुळं दोन वर्षं रथ शेडमधून बाहेर निघाला नव्हता. त्यामुळं त्या चैत्रात माणूस लोटला होता. ऊन पेटलेलं, नळाला दिवसाआड पाणी, आणि शेतातसुद्धा तंबू पडलेले. आमचे डॉक्टर म्हणाले, "यावेळी डोळ्यात तेल घालून राहा." हे मला सांगायची गरज नव्हती.

मावशीच्या घराला या जत्रेत एक मान आहे. रथाच्या दिवशी आलेल्या लोकांना अंबील पाजायचा. ज्वारीचं पीठ आदल्या दिवशी शिजवायचं, रात्रभर निवू द्यायचं, सकाळी त्यात ताक, ठेचलेला लसूण, जिरं, मीठ घालून कालवायचं. अंगणात रांजण मांडलेले असतात. कालवण्याचं काम मावशीचं. बांगड्या वर सारून ती कोपरापर्यंत हात अंबिलीत घालते आणि गोल गोल फिरवत राहते. तिच्या सासूनं तिच्या हातात हे काम दिलं, तेव्हापासून दुसऱ्या कुणाचा हात त्या रांजणात गेलेला नाही. उन्हातून आलेल्या माणसाला ती गार, आंबूस अंबील मिळाली की तो डोळे मिटून पितो. मीही प्यायलेली आहे. तिच्यासारखी अंबील मी कुठं चाखली नाही.

रथाच्या दिवशी सकाळी मी देवळाजवळच्या टाक्या तपासल्या आणि चहाला म्हणून मावशीच्या घरी गेले. अंगणात ती रांजणावर वाकलेली होती. सून चुलीपाशी. मी गेले तर मावशीनं नेहमीसारखं "आलीस का पोरी" म्हटलं, पण आवाज फुटेना. घशातून नुसती हवा निघाल्यासारखी.

"आवाज कामून बसला गं?"

"धुरानं."

मी चहा घेऊन ओसरीवर टेकले. मावशीनं हात बाहेर काढला आणि पदराला पुसला. बोटांची टोकं सुरकुतलेली, पांढरीफटक. म्हटलं, इतका वेळ अंबिलीत हात होता, होणारच. मग तिनं मान वर केली आणि मला तिचे डोळे दिसले. आत गेलेले. काल संध्याकाळी मी हिला देवळापाशी बघितलं होतं, तेव्हा हे डोळे असे नव्हते. ती लोटा घेऊन मागच्या दारानं गेली. परत आली, हात पाण्यात नुसते बुचकळले, रांजणाशी उभी राहिली. माझा चहा संपायच्या आत ती पुन्हा लोटा घेऊन गेली.

मी चुलीपाशी गेले. सून तिकडच्या कन्नड मुलखातली. मला अक्का म्हणते, सासूला अत्ती. तिनं मान वर केली नाही.

"कधीपासून?" मी विचारलं.

"पहाटेपासून." तिचे डोळे भरून आले. "उलटी बी झाली. मला म्हनल्या, कुनाला सांगितलंस तर बघ. मी काय करू अक्का?"

गावभर पावडर टाकत फिरले, बर्फवाल्याशी भांडले, आणि दुखणं माझ्या मावशीच्या अंगणात उभं होतं. चार भरलेल्या रांजणांपाशी. बाहेर रस्त्यावर लोक पेले धरून बसायला लागले होते.

मावशी परत आली तशी मी तिच्या आणि रांजणाच्या मधे उभी राहिले.

"मावशी, आता हात घालू नको."

"कामून?"

"तुला जुलाब होयलेत."

"हळू बोल. बाहेर बाया बसल्यात." तिनं पदर सावरला. "उन्हाचं झालंय. लिंबूपाणी पेले मी. सरक."

"ही अंबील द्यायची न्हाई मावशी. एक पेला बी न्हाई."

तिनं माझ्याकडं अशी नजर लावली की मी लहान झाले. "तू माझी भाची म्हनून आलीस का सरकारची म्हनून आलीस?"

मी बादलीतलं पाणी घेऊन साबणानं स्वतःचे हात धुवायला लागले, कारण उभं राहवत नव्हतं. हात धुता धुताच म्हणाले, "लोकांना झालं तर? हजारो माणूस आलंय. इथं एक सलाईन लावायला जागा न्हाई."

"देवाच्या अंबिलीनं कुनाला काय होत न्हाई."

"तुझ्या हातानं होईल."

हे मी बोलायला नको होतं की काय, अजून मला ठरवता येत नाही. मावशी म्हणाली, "रांजनाला हात लावलास तर माझं मेलं तोंड बघशील," आणि पुढं आली. तिनं एक पाऊल टाकलं असेल. पिंढरीत गोळा आला आणि ती भिंतीला धरत खाली बसली. ओरडायला आवाज नव्हता, तोंड नुसतं उघडं. मी तिचा पाय मांडीवर घेऊन दाबायला लागले. पोटरी दगडासारखी झाली होती. हाताची कातडी चिमटीत धरून सोडली तर ती तशीच उभी राहिली, खाली बसेना. अंगातलं पाणी आटल्याची, पुस्तकात शिकलेली खूण. आपल्या माणसाच्या हातावर बघितली की ती वेगळीच दिसते.

सुनेनं मीठ-साखरेच्या पाकिटाचं पाणी केलं. मी वाटीनं पाजत होते. मावशी घोट घोट पीत होती आणि रांजणांकडं बघत होती.

"वतायचीच असंल," ती शेवटी म्हणाली, "तर मी वतते. दुसऱ्यानं न्हाई."

तिला उभं राहता येत नव्हतं. सुनेनं एका बाजूनं धरलं, मी दुसऱ्या. मावसभाऊ मंडपातून धावत आला होता. त्याला मी परसातल्या खताच्या खड्ड्याशी रांजण न्यायला सांगितलं, कारण गटारात ओतलं असतं तर ते पुढच्या घरांसमोरून वाहत गेलं असतं. त्यानं एकेक रांजण खड्ड्याच्या कडेला टेकवला आणि मावशीनं हात लावून लोटला. अंबील पांढरी, दाट, लसणाचा वास मारत खाली गेली. मी वरून ब्लीचिंग पावडर टाकली.

"अन्नावर पावडर टाकायलीस," मावशी म्हणाली. तेवढंच.

रथाच्या गर्दीतून अँब्युलन्स आत येणं शक्य नव्हतं. मावसभावानं ओळखीच्याची रिक्षा मागच्या वाटेनं आणली. मावशीनं डोक्यावर पदर घेतला आणि बाहेर बसलेल्या बायांना सांगितलं, "बीपी वाढलंय, हुमनाबादला जाऊन येते." मी ते खोडलं नाही. डॉक्टरांना मात्र फोनवर सगळं खरं सांगितलं. ते म्हणाले, मी तिकडं वॉर्डात कळवतो, नमुना घ्यायला लावतो.

रिक्षा गेली आणि सून माझ्या पुढं येऊन उभी राहिली. "अक्का, लोक बसलेत. काय देऊ त्यांना?"

मंडपापर्यंत रांग गेली होती. अंबील नाही म्हटलं असतं तर कामून नाही, हे दुपारपर्यंत सगळ्या जत्रेत झालं असतं आणि लोक भलतीकडंच पळाले असते. मी म्हटलं, "अंबीलच दे. पण उकळती. ताक घालायचं न्हाई. चुलीवरनं पळीनं पेल्यात. हात कुनाचाच लागायला नको."

शेजारच्या बाया आल्या. मी सगळ्यांना माझ्यासमोर कोपरापर्यंत साबण लावायला लावला. एक म्हातारी म्हणाली, "बाळंतपण करायचं हाय का?" रांजण राख आणि पावडरीच्या पाण्यानं घासून उन्हात पालथे घातले आणि घरातल्या आणि शेजारच्या पातेल्यांत पीठ शिजायला लागलं. पहिला पेला ज्याला मिळाला त्याची जीभ पोळली. "चैतात गरम अंबील! कुनाची अक्कल ही?" म्हणून त्यानं आरडाओरडा केला. पण फुंकून फुंकून प्याला. त्याच्या मागचाही प्याला.

तिथं जरा श्वास घ्यावा तर मला रांजणांची आठवण झाली. अंगणात पाच मांडलेले असतात. आपण ओतले चार.

"पाचवा कुठाय?"

सून पळी हातात घेऊन तशीच थांबली. "काठीवाले येऊन गेले की सकाळी. मान असतो त्यांचा."

काठीवाले म्हणजे ठाणाकुशनूरच्या बाजूच्या एका गावातली मंडळी. उंच काठीला घुंगरं आणि फडकी बांधून आणतात, देवाला भेटवतात, आणि रथ ओढायच्या आधीच परत निघतात. पहिली अंबील त्यांची.

"पिऊन गेले?"

"पेले. आन् उरलेली कॅनमधी भरून घेतली. वाटेत जेवताना पाहिजे म्हनून."

उन्हात तापलेल्या टेम्पोत प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये ती अंबील चालली होती. मी डॉक्टरांना पुन्हा फोन लावला. ते म्हणाले, "तू जत्रेतला आपला औषधाचा बूथ सोडू नको, मी तिकडच्या केंद्राला कळवतो."

"कुठल्या केंद्राला साहेब? ते वाटेत हायेत. जेवायला कुठंतरी थांबतील."

ते म्हणाले, "जा. तुझ्या जागी मी बसतो."

पिशवीत होती नव्हती तेवढी मीठ-साखरेची पाकिटं आणि थोडी पावडर कोंबून मी स्कूटी काढली. हुमनाबादपर्यंतचा रस्ता मला पाठ आहे, पण त्या दिवशी तो संपेचना. समोरून येणारा प्रत्येक ट्रॅक्टर जत्रेकडं चाललेला, माणसांनी भरलेला, आणि मी उलट्या दिशेनं. नाक्यावर हायवेच्या लॉऱ्यांची रांग लागलेली. एका ढाब्यावर विचारलं, काठी बांधलेला टेम्पो दिसला का. तंदूरवाला म्हणाला, "अब्बीच निकले आपा, हळ्ळीखेड की तरफ. पानी पी के गये." पाणी पिऊन गेले म्हटल्यावर मला आणखीच सुचेना. एवढी तहान कामून लागली असेल? ऊन होतं, तहान लागणारच. पण डोकं ऐकत नव्हतं.

हळ्ळीखेडच्या अलीकडं चिंचेखाली टेम्पो उभा होता. काठी झाडाला टेकवून ठेवलेली, चादर अंथरून मंडळी बसलेली, भाकरी सोडलेली. एक बाई पांढऱ्या कॅनचं झाकण फिरवत होती. मी स्कूटी स्टँडला लावली नाही, तशीच आडवी सोडून धावले.

"पिऊ नका! झाकण लावा!"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. पुढारी म्हणून एक म्हातारे होते, कपाळाला विभूती, सगळे त्यांना अप्पा म्हणत होते. ते उठले. "काय झालं बाई? देवाची अंबील हाय ही."

वाटेत मी ठरवलं होतं की अंबील नासली म्हणून सांगायचं. तसं सांगितलं. अप्पांनी कॅनला नाक लावलं. "चांगली हाय की. ताजा लसूण यायलाय."

बाईनं पेला पुढं केला. आता खोटं चालणार नव्हतं.

"जिनं केली ती आजारी हाय," मी म्हणाले. "उलट्या-जुलाब. दवाखान्यात नेलंय. माझी सख्खी मावशी हाय ती. तिचा हात या अंबिलीत होता."

एक तरुण बाई आपल्या पोटावर हात ठेवून बसली, बहुतेक नकळत. मला वाटलं, आता शिव्या येणार, मावशीच्या घराचा मान आज इथं संपला. अप्पांनी बाईच्या हातातून कॅन घेतली, झाकण घट्ट केलं आणि विचारलं, "मावशी बरी हाय का?"

मला एकदम रडू आलं. सकाळपासून तोपर्यंत आलं नव्हतं. मी म्हटलं, "माहीत न्हाई अप्पा. मी तिच्याबरोबर गेले न्हाई. तुमच्या मागं आले."

रस्त्यापासून लांब खड्डा खणून अंबील ओतली, पावडर टाकली, माती लोटली. मग मी त्यांना एकेकाला सांगितलं. पाण्यासारखे जुलाब सुरू झाले तर वाट बघत बसायचं नाही, लगेच पाकिटाचं पाणी सुरू करायचं, तिकडच्या आशा कार्यकर्त्या बाईंना उठवायचं, दवाखाना गाठायचा, आणि कुणी आजारी असेल त्यानं घरात स्वयंपाक करायचा नाही. ती तरुण बाई म्हणाली, "आन् काय झालं न्हाई तर?"

"तर मला नावं ठेवा," मी म्हटलं. ते हसले. मला हसता आलं नाही.

मी परत आले तेव्हा रथ ओढून झाला होता. पुढचे दिवस मी कसे काढले ते सांगता येत नाही. फोन वाजला की दचकायची, नाही वाजला की स्वतः लावायची. तिकडच्या आशाबाई वैतागल्या. "काय बी न्हाई अक्का, जेवायलेत सगळे." जत्रेच्या बूथवर येणारा प्रत्येक पोट धरलेला माणूस मला अंबिलीचाच वाटायचा. कुणाला ऊन लागलेलं, कुणाला बस लागलेली. नवरा म्हणाला, "तू जरा खाली बस, तुझ्याकडं बघून मला चक्कर यायलीय."

मावशीचा नमुना कलबुर्गीला तपासला. त्यात कॉलऱ्याचे जंतू निघाले. काठीवाल्यांपैकी दोघींना झालं, त्यात ती पोटावर हात ठेवणारी बाई होती. पण त्यांनी पहिल्याच जुलाबाला पाणी सुरू केलं आणि टेम्पो काढून दवाखाना गाठला. दोघीही घरी परतल्या. गरम अंबील प्यालेल्यांमधून मला एकही आजारी सापडला नाही. मी शोधायचं काही बाकी ठेवलं नव्हतं.

मावशीला कुठून झालं ते आठवड्यानं कळलं. तिच्याच गल्लीत नळाची पाइप गटारातून गेलेली आणि सांध्याला गळत होती. पाणी बंद असताना गटारातलं आत ओढलं जायचं. त्या गल्लीत आणखी तीन-चार घरांत झालं होतं आणि सगळ्यांनी देवाच्या दिवसात वाच्यता नको म्हणून दाबून ठेवलं होतं. गावाच्या मोठ्या टाकीत मी पावडर टाकत होते, आणि गटाराचं पाणी टाकीच्या पुढं, पाइपमधे मिसळत होतं. पाइप बदलून घ्यायला मला पंचायतीच्या किती खेपा घालाव्या लागल्या ते वेगळंच.

मावशी बरी होऊन घरी आली. माझ्याशी बोलली नाही. बीपीची गोष्ट कुणालाच पटली नव्हती. भाचीनं अन्न खड्ड्यात ओतायला लावलं, हे गावात घरोघरी पोचलं. कुणी म्हणालं बरं केलं, कुणी म्हणालं घरच्याच माणसानं घराची शोभा केली. मी दोनदा तिच्या घरी गेले. सुनेनं चहा दिला. मावशी आत धान्य निवडत बसली होती, बाहेर आली नाही. मी ओसरीवर बसून चहा संपवायची आणि निघायची. ड्यूटीचं गाव, जाणं तर भागच होतं. तिच्या दारावरून जाताना मी स्कूटी हळू करायची आणि मग उगाचच जोरात पुढं काढायची.

श्रावणात एका दुपारी फोन आला. मी उपकेंद्रात लेकरांना लस देत होते. नंबर मावसभावाचा, आवाज मावशीचा.

"ऐक. गल्लीच्या टोकाला दोन घरांत उलट्या होयल्यात. लपवायलेत. एका घरात बारसं हाय परवा, सैपाकाला बसनार हाय ती आजारी बाईच."

"बरं."

"माझं नाव सांगू नको."

"न्हाई सांगत."

मला वाटलं, तिनं फोन ठेवला. मग म्हणाली, "कामून थांबलीस? ये की लवकर."

मी सिरिंज टाकल्या, हात धुतले, सोबतच्या आशाबाईंना बसवून निघाले. गल्लीत शिरले तर मावशी आपल्या दारात उभी होती. माझ्याकडं बघितलं नाही. हात न उचलता, नुसत्या हनुवटीनं तिनं पलीकडचं निळं दार दाखवलं आणि आत गेली. मी पिशवी खांद्यावर घेतली आणि निळ्या दाराची कडी वाजवली. आतून पावलं आली, थांबली, कुणी दार उघडेना. मी पुन्हा वाजवली.